कोकरनॉट फील्ड, अल्पाइन (टेक्सास): सहा हजार वस्तीच्या गावातलं दगडी स्टेडियम

बिग बेंड नॅशनल पार्क बघायला निघालेली आपली मराठी मंडळी अल्पाइनमध्ये गॅस भरतात, कॉफी घेतात आणि पुढे निघून जातात. जून-जुलैत जाणार असाल तर एक मुक्काम तिथेच करा आणि संध्याकाळी काउबॉयज या गावच्या बेसबॉल संघाची मॅच बघा. हे सांगायला लिहायला बसलेय. बेसबॉल कळत नसला तरी चालेल. स्टेडियम बघायचंय, आणि त्या स्टेडियममागची गोष्ट ठाऊक असली तर मॅच निराळीच दिसते.

आम्ही मिडलंडला राहतो. तिथून अल्पाइन अडीच-तीन तासांवर. अर्धा रस्ता तेलाच्या विहिरी आणि ट्रक, मग हळूहळू डोंगर वर यायला लागतात आणि हवा बदलते. गाव समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे, त्यामुळे मिडलंडला भाजून निघालेल्या माणसाला तिथली संध्याकाळ सोसवते. यंदा आण्णा, माझे वडील, कोल्हापूरहून आले होते. हयात गवंडीकामात आणि नंतर बांधकामाच्या ठेक्यात गेलेली. बेसबॉल त्यांना ओ की ठो कळत नाही. गाडीतून उतरल्यावर ते तिकिटाच्या खिडकीकडे आलेच नाहीत, भिंतीकडे गेले. हात फिरवला, सांधे बघितले, चार पावलं मागं सरून पुन्हा बघितलं.

"दगड निवडून लावल्यात ह्यांनी. एकबी भरतीचा न्हाई."

खरंच नाही. तांबूस-तपकिरी दगड, तोही इथलाच, मालकाच्या स्वतःच्या रानातून काढून आणलेला. या भागातले डोंगर ज्वालामुखीतून झालेले आहेत. मी भूगर्भशास्त्रवाली असल्यामुळे मला त्या दगडाकडे बघायला वेगळं निमित्त होतं, पण आण्णांनी जे बघितलं ते मी इतक्या खेपांत नीट बघितलं नव्हतं: कोपऱ्यांना घडीव दगड, मधे ओबडधोबड, आणि दर्जाभरणी, म्हणजे सांध्यांतली भर, एवढी बेताची की दगडावर कुठे ओघळ नाही. दगडी कुंपणात लोखंडी काम बसवलंय. त्यात लोखंडाचेच बेसबॉलचे चेंडू, पांढरे रंगवलेले, वर लाल टाके काढलेले. आणि जागोजागी 'ओ-सिक्स'चा छाप, म्हणजे मालकाच्या गुरांवर डागत ती खूण.

हा मालक म्हणजे हर्बर्ट कोकरनॉट ज्युनियर. लाखो एकरांच्या ओ-सिक्स रँचचा धनी आणि बेसबॉलवेडा. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अल्पाइनला 'कॅट्स' नावाचा संघ होता, गावोगावी असायचे तसा. १९४६ साली कोकरनॉटनं तो आपल्या हाती घेतला, नाव 'काउबॉयज' ठेवलं, आणि पुढच्याच वर्षी, १९४७ मध्ये, हे स्टेडियम उभं केलं. खर्च साडेबारा लाख डॉलर सांगतात. त्या काळी तेवढ्यात काय काय झालं असतं याचा हिशेब घालायला गेलं की डोकं गरगरतं. आतल्या मैदानाची तांबडी माती म्हणे थेट जॉर्जियाहून रेल्वेच्या वाघिणींतून आणवली. छप्पर असलेला स्टँड, पक्कं दगडी कुंपण. एवढं सगळं अशा गावासाठी, जिथून पुढचं गाव गाठायला अर्धा तास मोकळ्या माळावरून जावं लागतं. अल्पाइन ज्या ब्रूस्टर काउंटीत आहे ती टेक्सासमधली सगळ्यात मोठी काउंटी, कनेक्टिकट राज्यापेक्षा मोठी, आणि माणसं जेमतेम.

आता 'सेमी-प्रो' हे काय प्रकरण होतं ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय या जागेचं मोल कळत नाही. टीव्ही यायच्या आधी अमेरिकेतल्या गावांची संध्याकाळ बेसबॉलवर जायची. खाणीचा संघ, गिरणीचा संघ, रेल्वेचा संघ, नाहीतर गावातल्या एखाद्या दुकानदारानं कपडे शिवून दिलेला संघ. खेळाडू दिवसा काम करायचे, संध्याकाळी आणि सुट्टीला खेळायचे, सामन्यामागे थोडे पैसे मिळायचे. पूर्ण पगारी नव्हेत आणि फुकटही नव्हेत. १९३५ साली कॅन्ससमधल्या विचिटा शहरात हॅप ड्युमाँट या माणसानं अशा संघांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. पहिल्याच वर्षी ती जिंकली नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्कच्या संघानं. तो संघ नील चर्चिल नावाच्या मोटारविक्रेत्याचा, आणि त्यात गोरे आणि काळे खेळाडू एकत्र खेळले. सॅचेल पेजसारखा नामांकित काळा पिचर (चेंडू टाकणारा) त्या संघात होता. मेजर लीगचं, म्हणजे सगळ्यात वरच्या व्यावसायिक बेसबॉलचं, दार जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूसाठी उघडायला अजून १२ वर्षं होती, आणि एका लांबच्या गावात मोटारी विकणाऱ्या माणसानं ते करून दाखवलं होतं. सेमी-प्रो बेसबॉलबद्दल मला जो जिव्हाळा वाटतो तो यामुळे. वरच्या मोठ्या लीगांना जमत नव्हतं ते खाली गावात घडत होतं.

कोकरनॉटचे काउबॉयज याच वाटेनं विचिटापर्यंत पोचले. संघ भरायची त्याची रीत साधी होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजची चांगली पोरं बोलवायची, त्यांना काम द्यायचं, राहायची-जेवायची सोय करायची, आणि संध्याकाळी खेळवायचं. अशा पोरांमध्ये गेलॉर्ड पेरी होता. नॉर्थ कॅरोलिनातल्या शेतकऱ्याचा मुलगा, पुढे मेजर लीगमध्ये पिचर म्हणून ३१४ विजय मिळवले आणि १९९१ साली हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला. १९५१ मध्ये सेंट लुईस ब्राउन्स आणि शिकागो व्हाइट सॉक्स हे मेजर लीगचे दोन संघ इथे येऊन प्रदर्शनी सामना खेळून गेले.

गावातच सल रॉस हे सरकारी कॉलेज आहे, आता विद्यापीठ. त्याचे खेळाडूही याच मैदानावर तयार झाले. छोट्या कॉलेजांची राष्ट्रीय बेसबॉल स्पर्धा, एनएआयएची, १९५७ साली पहिल्यांदा भरली ती कोकरनॉट फील्डवर, आणि सल रॉसनं ती घरच्या मैदानावर जिंकली. नॉर्म कॅश हा सल रॉसचाच विद्यार्थी. अमेरिकन फुटबॉलही एवढा चांगला खेळायचा की शिकागो बेअर्सनं त्याला निवडलं होतं. तो बेसबॉलकडे गेला.

मग १९५९ मध्ये काउबॉयज खऱ्या अर्थानं व्यावसायिक झाले. बॉस्टन रेड सॉक्सनं अल्पाइनला आपला 'क्लास डी' संघ बसवला, म्हणजे मेजर लीगच्या शिडीची सगळ्यात खालची पायरी. लीगचं नाव सोफोमोर लीग. त्या पहिल्या हंगामात डॉन श्वॉल नावाच्या उंच पिचरनं अल्पाइनसाठी २३ सामने जिंकून दिले.

यापुढचं वर्ष मला या गोष्टीत सगळ्यात जास्त खुपतं. १९६१. त्या वर्षी नॉर्म कॅशनं डेट्रॉइटकडून .३६१ च्या सरासरीनं अमेरिकन लीगची (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) बॅटिंग चॅम्पियनशिप जिंकली. त्याच वर्षी, त्याच लीगमध्ये डॉन श्वॉल बॉस्टनकडून 'रुकी ऑफ द इयर', म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम नवखा खेळाडू, ठरला. अल्पाइनच्या मातीवर धावलेली दोन पोरं एकाच हंगामात अमेरिकेच्या पेपरांत झळकत होती. आणि त्याच हंगामाअखेर सोफोमोर लीग बंद पडली, अल्पाइनचा संघ संपला. काउबॉयजचा त्यात काही दोष नव्हता. १९४९ साली देशात ५९ मायनर लीग, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या व्यावसायिक लीग, होत्या. मग घरोघरी टीव्ही आला, त्यावर मेजर लीगचे सामने दिसायला लागले, आणि गावोगावचे स्टँड ओस पडत गेले. बहुतेक गावांत त्या लाकडी स्टँडचं जळण झालं, जागेवर पार्किंग आलं.

अल्पाइनचं मैदान राहिलं, कारण ते दगडाचं होतं आणि कारण ते वापरात ठेवलं गेलं. कॉलेज तिथे खेळत राहिलं, शाळेची मुलं खेळत राहिली. स्टेडियम गावच्या शाळा-मंडळाकडे आहे. जवळपास पाच दशकं गावाला स्वतःचा पगारी संघ नव्हता, पण मैदान तयार होतं. २००९ मध्ये एका छोट्या लीगनं इथे संघ आणला, ती लीग टिकली नाही. २०११ मध्ये पेकोस लीग सुरू झाली, तिच्या पहिल्या हंगामापासून काउबॉयज त्यात आहेत. नाव तेच, १९४६ चं.

हे सगळं मी आण्णांना मॅच सुरू व्हायच्या आधी सांगत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे खासबाग." बरोबर तेच. शाहू महाराजांनी १९१२ साली कुस्तीसाठी खासबाग मैदान बांधलं, मल्लांच्या खुराकाची सोय केली, लांबलांबचे पैलवान कोल्हापुरात आणून ठेवले. महाराज गेले, संस्थान गेलं, मैदान आहे म्हणून कुस्ती अजून तिथे होते. माणसाच्या हौसेवर उभी राहिलेली गोष्ट त्या माणसामागे टिकायची असेल तर बांधकाम पक्कं लागतं, हे आण्णांचं मत आणि माझंही.

आता मॅचबद्दल. पेकोस लीग ही अमेरिकेतल्या पगारी बेसबॉलची अगदी तळाची लीग. कुठल्याही मेजर लीग संघाशी तिचं नातं नाही. खेळाडू बहुतेक बावीस ते पंचविशीतले, कॉलेज संपलेलं, मोठ्या संघांनी निवडलेलं नाही किंवा सोडून दिलेलं. आठवड्याला ५० डॉलरच्या आसपास मिळतात, तेही सांगण्यापुरते. अनेकजण गावातल्या कुटुंबांकडे राहतात. आमच्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, त्यांच्याकडे दोघं राहत होते. स्कोअरबोर्डकडे त्या बघतच नव्हत्या. "माझे दोघं" कुठे उभे आहेत, पाणी प्यायले का, कालचा मुका मार लागलेला पाय टाकताना तो लंगडतोय का, एवढ्यावर नजर. त्यातला एक पिचर होता आणि त्या दिवशी खेळणार नव्हता, तरी त्या आल्या होत्या.

खेळाचा दर्जा खरं सांगायचा तर चढउताराचा. पिचर जोरात टाकतात पण नेमकेपणा रोज सापडत नाही, त्यामुळे वॉक (चुकीच्या चार चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) भरपूर होतात आणि एकेक इनिंग लांबते. उंचीमुळे हवा विरळ, चेंडू लांब जातो, धावा धो-धो निघतात. ज्यांना एक-शून्य, दोन-एक असे कसदार सामने आवडतात त्यांना हे रुचणार नाही. मी त्यांना ह्यूस्टनला किंवा आर्लिंग्टनला जाऊन मेजर लीग बघा म्हणेन. पण इथे ज्या जवळून खेळ दिसतो तसा मोठ्या स्टेडियममध्ये कितीही डॉलर मोजून दिसत नाही. पिचरच्या बोटांतून चेंडू सुटतानाचा आवाज ऐकू येतो. कॅचर अंपायरशी काय बोलतो ते ऐकू येतं. तिसऱ्या बेसवरच्या पोराला चूक झाल्यावर स्वतःवर चिडताना बघितलं की त्याचं वय कळतं. आणि प्रत्येकजण असा धावतो की जणू स्टँडमध्ये कुणीतरी मोठ्या संघाचा माणूस वही घेऊन बसलाय. कधी कधी तो खरंच बसलेला असतो, आणि यातले मोजके वर जातातही.

या लीगची एक रीत मला फार आवडते. घरच्या संघाच्या खेळाडूनं होम रन मारला, म्हणजे चेंडू थेट कुंपणापलीकडे घालवला, की तो हेल्मेट घेऊन जाळीजवळून फिरतो आणि लोक त्यात डॉलर टाकतात. या प्रदेशात ही जुनी पद्धत आहे. पूर्वी लोक जाळीच्या तारांतून नोटा अडकवायचे. ५० डॉलर पगाराच्या पोराला एका होम रनमध्ये आठवड्याच्या पगाराहून जास्त मिळून जातं. त्या दिवशी होम रन मारलेला पोरगा आमच्या पुढ्यात आला तेव्हा घामानं निथळत होता, दम लागलेला, प्रत्येकाला नाव विचारून आभार मानत होता. आण्णांनी माझ्याकडून पाच डॉलर मागून घेतले, त्याच्या हातात ठेवले, दंड दाबून बघितला आणि मला म्हणाले, "खुराक खा म्हनावं ह्याला." मी भाषांतर करून सांगितलं. त्यानं फार गंभीरपणे मान हलवली आणि "येस सर" म्हणाला.

बाहेरगावच्या संघाच्या खेळाडूसाठी हेल्मेट फिरत नाही, याचं मला वाईट वाटतं. तीही पोरं तेवढ्याच पगारावर, स्वतःच्या गाड्यांत दाटीवाटीनं बसून शेकडो मैल वाळवंट तुडवत आलेली असतात. जमलं तर मॅच संपल्यावर त्यांच्या डगआउटकडे (खेळाडूंच्या बसायच्या जागेकडे) जा, चांगलं खेळलेल्याला सांगा. हात पुढे केला की थांबतात, बोलतात.

जायचं असेल त्यांच्यासाठी काही गोष्टी. हंगाम छोटा आहे, साधारण मे-अखेरपासून जुलै-अखेरपर्यंत. वेळापत्रक निघायच्या दिवशी पुन्हा बघा, अशा लीगमध्ये सामने पुढे-मागे होतात. तिकीट सिनेमापेक्षा स्वस्त आणि दारावर मिळतं. अल्पाइन सेंट्रल टाइम झोनच्या पार पश्चिम टोकाला असल्यामुळे जूनमध्ये सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. म्हणजे संध्याकाळच्या मॅचचा पहिला भाग उन्हातच जातो, टोपी लागते. छपराखाली होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागे बसा. छपरामुळे सावली मिळते, पिचरचा चेंडू सरळ दिसतो आणि पलीकडे डोंगर असतातच. सूर्य गेला की हवा झपाट्यानं गार पडते, पातळ स्वेटर हवाच. जुलैत दुपारनंतर ढग भरून येतात, विजा चमकतात, मॅच थांबू शकते. या भागाला पाऊस देणारे तेच महिने, त्याला इलाज नाही.

खाण्याचं म्हणाल तर हॉट डॉग, नाचोज, पॉपकॉर्न, सूर्यफुलाच्या खारवलेल्या बिया. शाकाहारी माणसाला नाचोजवर वाटीभर हालापिन्यो घालून घेणं हाच पर्याय. आम्ही मॅचच्या आधीच बाहेर झाडाखाली बसून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही उरकून घेतलं. रात्री मॅच संपल्यावर गावात जेवायला फारसं काही उघडं सापडत नाही, तेव्हा पोटाची सोय आधी करा. मुलांना घेऊन जायला जागा उत्तम. माझी मुलगी फाउल बॉलमागे (रेषेबाहेर गेलेल्या चेंडूमागे) धावणाऱ्या गावातल्या पोरांत मिसळून गेली, तीन तास आम्हाला दिसली ती फक्त धावताना. बाहेर गेलेला चेंडू परत आणून दिला की मुलांचं कौतुक होतं, त्यामुळे स्पर्धा मोठी असते.

मुक्कामाचं आधी ठरवा. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी खोल्या भरतात, कारण मार्फा पाऊण तासाच्या आत, फोर्ट डेव्हिस आणि मॅकडोनाल्ड वेधशाळा उत्तरेला, बिग बेंड दक्षिणेला, आणि सगळ्यांचा तळ अल्पाइनलाच पडतो. गाडी चालवायची नसेल तर सान अँटोनियो किंवा एल पासोहून अ‍ॅमट्रॅकची सनसेट लिमिटेड इथे थांबते, पण ती आठवड्यातून तीनदाच धावते. मॅचची तारीख आणि गाडीचा वार जुळवून घ्यावा लागतो.

दिवसा वेळ असेल तर मॅच नसतानाही स्टेडियमला बाहेरून एक चक्कर मारा आणि लोखंडी फाटकावरचे ते चेंडू जवळून बघा. जुन्या दगडी कामाची ज्यांना आवड आहे त्यांनी उजेड तिरपा असताना जावं, सांधे तेव्हा चांगले दिसतात. आणि खिशात एक-एक डॉलरच्या नोटा सुट्ट्या करून ठेवा, भरपूर. कार्डानं हेल्मेटमध्ये पैसे टाकता येत नाहीत, आणि साडेचार हजार फुटांवर होम रन एकावर थांबत नाहीत.